आईबापांची वाटणी : ‘ऊन पाऊस’ ते ‘बडी पंतुलू’

निवृत्त नवरा-बायको, हातातून गेलेले राहते घर आणि आपापल्या संसारात गुंतलेले मुलगे. दोघांना एकत्र सांभाळणे कुणालाच झेपत नाही, म्हणून वडील एकाकडे आणि आई दुसऱ्याकडे. भारतीय कौटुंबिक चित्रपटाने ज्या मोजक्या गोष्टी भाषा बदलून पुन्हापुन्हा सांगितल्या, त्यांतली ही एक. तेलुगू प्रेक्षक तिला एन. टी. रामाराव यांच्या ‘बडी पंतुलू’मुळे (१९७२) ओळखतो, कन्नड प्रेक्षक ‘स्कूल मास्टर’मुळे (१९५८) आणि हिंदी चित्रपटांवर वाढलेली अलीकडची पिढी ‘बागबान’मुळे (२००३). या सगळ्यांच्या आधी, १९५४ मध्ये, ती मराठी पडद्यावर येऊन गेली होती. चित्रपट ‘ऊन पाऊस’, दिग्दर्शक राजा परांजपे.

परांजपे यांचे नाव घेतले की ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही नावे पाठोपाठ येतातच. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ हे दोन्ही चित्रपट १९५२ चे, ‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा. लेखन माडगूळकरांचे, संगीत फडक्यांचे आणि दिग्दर्शन परांजप्यांचे, असा हा जमलेला संच होता. स्वतः परांजपे नटही होते. ‘ऊन पाऊस’मधला मास्तर त्यांनीच रंगवला आणि मास्तरांच्या पत्नीची भूमिका सुमती गुप्ते यांनी केली. विनोदावर हुकमत असलेल्या दिग्दर्शकाने म्हातारपणाची गोष्ट करायला घ्यावी याचे नवल वाटण्याचे कारण नाही. ‘पेडगावचे शहाणे’मध्येही घरातल्या माणसांच्या स्वार्थाकडे त्यांनी तिरक्या नजरेने पाहिलेलेच होते. परांजप्यांच्या चित्रपटांना मागणीही दूरवरून येई. त्यांचाच ‘पाठलाग’ (१९६४) पुढे हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) झाला.

या कथेचा नायक शाळामास्तर असणे हा योगायोग नाही. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात गावातला मास्तर म्हणजे मान मोठा आणि पगार तुटपुंजा. त्याच्याकडे जमीन नसे, दुकान नसे, मुलांच्या नावावर करावे असे फारसे काही नसे. मुलांच्या शिक्षणासाठी आणि मुलीच्या लग्नासाठी तो कर्ज काढी, आणि ते फिटण्याआधीच निवृत्तीचा दिवस उजाडे. शेतकरी बाप म्हातारा झाला तरी सातबारा त्याच्या नावावर असतो. तोवर त्याचा शब्द घरात चालतो. मास्तरकडे तेवढेही हत्यार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शहाणे केल्याची पुण्याई तेवढी त्याच्या गाठीशी, आणि ती बाजारात मोडता येत नाही. त्याचे म्हातारपण पूर्णपणे मुलांच्या मर्जीवर उभे राहते. कथेला हवी असलेली कोंडी अशी आपोआप तयार होते.

कथेचे मर्म वाटणीच्या प्रसंगात आहे. आईवडिलांना रस्त्यावर काढणारा मुलगा पडद्यावर आला की प्रेक्षक त्याला सरळ खलनायक म्हणून निकालात काढतो आणि मोकळा होतो. इथे तसे होत नाही. इथले मुलगे आईवडिलांना टाकत नाहीत. ते बसून बोलतात, हिशेब मांडतात आणि कुणावर जास्त भार पडू नये अशी सोय काढतात. दोन पालक, दोन मुलगे, प्रत्येकी एक. जमिनीची, भांड्यांची, देव्हाऱ्यातल्या टाकांची वाटणी ज्या न्यायाने होते, तोच न्याय माणसांना लावला जातो. कागदावर त्यात कुणालाच खोट काढता येणार नाही. भाऊ भावाला फसवत नाही, आणि आईवडीलही भांडण नको म्हणून मान डोलावतात. चाळीसेक वर्षे एका छपराखाली राहिलेल्या दोन माणसांचे मिळून एक काहीतरी असते, हे त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्यानंतर पडद्यावर जे येते ते साधेच असते: एका ट्रंकेतले कपडे दोन पिशव्यांत जातात, औषधांच्या बाटल्या वेगळ्या होतात, चष्मा कुणाकडे राहिला याची शोधाशोध होते. कथा चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती असली की तो इथेच रेंगाळतो. सामान्य दिग्दर्शक सुनेच्या टोमण्यांकडे धाव घेतो.

हे कथानक जगातही एकटे नाही. अमेरिकेत लिओ मॅकॅरी यांनी १९३७ मध्ये ‘मेक वे फॉर टुमॉरो’ हा चित्रपट केला. बँकेकडे घर गेलेले वृद्ध जोडपे, पाच मुले, आणि दोघांना एकत्र ठेवायला एकही तयार नाही. शेवटी नवरा-बायको रेल्वे स्थानकावर एकमेकांचा निरोप घेतात. चित्रपट चालला नाही. त्याच वर्षीच्या ‘द ऑफुल ट्रुथ’साठी मॅकॅरींना ऑस्कर मिळाले, तरी आज चित्रपटाचे अभ्यासक आवर्जून काढतात तो पडलेला चित्रपटच. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’मागे (१९५३) त्याचीच प्रेरणा होती. ‘टोकियो स्टोरी’ आणि ‘ऊन पाऊस’ यांच्यात एका वर्षाचे अंतर आहे. युद्धानंतरचा जपान आणि स्वातंत्र्यानंतरचा महाराष्ट्र, दोन्हीकडे तरुण मुले नोकरीसाठी शहरात गेली होती आणि गावचे मोठे घर ही जुनी गोष्ट होऊ लागली होती. प्रश्न एकच होता, म्हणून कथाही जवळजवळ आल्या.

दक्षिणेत ही कथा नेली बी. आर. पंतुलू यांनी. १९५८ मध्ये त्यांनी ‘स्कूल मास्टर’ हा कन्नड चित्रपट काढला आणि मास्तरची भूमिका स्वतः केली. त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत एम. व्ही. राजम्मा होत्या. मुलांनी आईबापांना वेगळे करण्याचा गाभा ‘ऊन पाऊस’मधून आलेला मानला जातो. पंतुलूंनी त्यात स्वतःची मोठी भर घातली ती विद्यार्थ्याची. मास्तरांनी घडवलेला एक विद्यार्थी मोठेपणी पोलीस अधिकारी होतो आणि घर हातचे जाते तेव्हा गुरूंच्या पाठीशी उभा राहतो. ही छोटीशी भूमिका तमिळ पडद्याचे सम्राट शिवाजी गणेशन यांनी केली. चित्रपट कर्नाटकात तुफान चालला आणि तिथून कथेला जणू पाय फुटले. १९५९ मध्ये पंतुलूंनीच ती हिंदीत आणली, १९६४ मध्ये ती मल्याळममध्ये गेली, आणि १९७२ मध्ये तेलुगूत ‘बडी पंतुलू’ म्हणून आली.

‘बडी पंतुलू’चे दिग्दर्शक पी. चंद्रशेखर रेड्डी, संगीत के. व्ही. महादेवन यांचे. मास्तर रामाराव आणि त्यांची पत्नी अंजली देवी. पुढे साऱ्या देशाला माहीत झालेली श्रीदेवी यात बालकलाकार म्हणून दिसते. रामाराव तोवर राम आणि कृष्ण यांच्या भूमिकांनी तेलुगू घराघरांत पोहोचलेले होते. लोक त्यांच्या तसबिरी लावत. अशा नटाने केस पिकवून, खांदे पाडून, मुलांपुढे हतबल झालेला मास्तर उभा करणे हा धाडसाचा भाग होता. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. चित्रपटाचे यश समजून घ्यायचे तर तेलुगू कौटुंबिक चित्रपटाची परंपराही ध्यानात घ्यावी लागते. ‘गुंडम्मा कथा’सारख्या (१९६२) चित्रपटांत ऐसपैस घर गृहीतच असते, ओसरी, अंगण, माजघर सगळे जागेवर असते आणि झगडा असतो तो त्या घरावर हुकूम कुणाचा चालणार याचा. मास्तरच्या कथेत हुकूम चालवणारा म्हाताराच घराबाहेर पडतो. तेलुगू प्रेक्षकाला हा धक्का मोठा होता, आणि म्हणूनच घर परत मिळण्याचा शेवटही त्याला हवाच होता.

सोलापूर आणि भिवंडीच्या विणकर वस्त्यांमुळे तेलुगू ही महाराष्ट्राला परकी भाषा नाही. तरीही मराठीतून निघालेली कथा कन्नडमार्गे तेलुगूत गेली आणि तिथे अभिजात ठरली, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. आपल्याकडे ‘बागबान’ पाहून डोळे पुसणाऱ्यांतही ‘ऊन पाऊस’चे नाव ऐकलेले थोडेच.

विद्यार्थ्याची ती भर मात्र पुढे या कथेचा कणा झाली. रक्ताच्या मुलांनी हिशेब केला की कुठून तरी एक बिनरक्ताचा मुलगा येतो. ‘बागबान’मध्ये तो दत्तकासारखा वाढवलेला आलोक आहे, ‘अवतार’मध्ये (१९८३) नोकर सेवक आहे; ती भूमिका सचिनची. कथाकारांना हे पात्र का लागते, याचे उत्तर कठीण नाही. वारशावर ज्याचा हक्क आहे तो वाटणीच्या भाषेत विचार करतो; ज्याला वारसाच नाही त्याला वाटणी सुचत नाही. तत्त्व म्हणून हे सुंदर आहे. व्यवहारात मात्र ही पळवाट ठरते. प्रत्येक निवृत्त मास्तरला पोलीस अधिकारी झालेला विद्यार्थी भेटत नसतो. कथेने उभा केलेला प्रश्न दोन सख्ख्या मुलांचा होता आणि उत्तर तिसऱ्याकडून मागवले जाते. ‘बागबान’मध्ये तर यापुढे जाऊन बापाने रात्री टंकलेखन यंत्रावर लिहिलेले पुस्तक गाजते आणि पैसाही येतो. म्हातारपणाचा तिढा लेखनाच्या मानधनातून सुटतो हे कुठल्याही मराठी लेखकाला हसू आणणारे आहे.

मराठी रंगभूमीने याच विषयाची दुसरी, अधिक कडवी वाट काढली. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी रंगमंचावर आले. गणपतराव ऊर्फ अप्पासाहेब बेलवलकर हा वृद्ध नट श्रीराम लागू यांनी साकारला. इथे आईवडिलांची वाटणी होत नाही. अप्पासाहेब आपली मिळकत मुलांना आधीच वाटून टाकतात आणि मग नवरा-बायको जोडीने आधी मुलाकडे, मग मुलीकडे राहतात. दोन्हीकडे अवमान वाट्याला येतो. अखेर पत्नी कावेरी जाते आणि अप्पा रस्त्यावर येतात. तिथे त्यांना आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा. म्हणजे तो बिनरक्ताचा मुलगा इथेही आहे. पण तो घर परत मिळवून देत नाही, कारण त्याला स्वतःलाच घर नाही. शिरवाडकरांचा हा निर्णय पंतुलूंच्या निर्णयापेक्षा खरा वाटतो. मिळकत हातातून गेली की म्हाताऱ्याचा शब्दही जातो, ही गोष्ट नाटकाने कुठलेही पांघरूण न घालता सांगितली.

‘नटसम्राट’चाही प्रवास पुढे तेलुगूपर्यंत झाला. महेश मांजरेकर यांनी २०१६ मध्ये नाना पाटेकरांना घेऊन त्यावर चित्रपट केला. २०१८ मध्ये सिद्धार्थ रांदेरिया यांच्या भूमिकेत तो गुजरातीत आला, आणि २०२३ मध्ये कृष्णवंशी यांनी ‘रंगमार्तंड’ या नावाने तेलुगूत केला. तिथे प्रकाश राज यांनी वृद्ध नटाचे काम केले आणि विनोदी नट म्हणून हजारभर चित्रपटांत वावरलेले ब्रह्मानंदम त्याच्या मित्राच्या गंभीर भूमिकेत दिसले. गुजराती आवृत्तीला मुंबईच्या उपनगरांत प्रेक्षक असणार हे सांगायला नकोच. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली या तिन्ही ठिकाणी मराठी आणि गुजराती कुटुंबे एकाच इमारतीत राहतात. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात आणि मुलुंडच्या कालिदासमध्ये दोन्ही भाषांतली नाटके आलटूनपालटून लागतात. आईबाप आणि घर हा विषय दोन्ही भाषांच्या प्रेक्षकांना सारखाच लागू पडतो.

ही कथा आज सर्वांत जवळून पाहायची असेल तर उपनगरांतच पाहावी. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये वाढून अंधेरी-घाटकोपर तिच्यात आले, १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतल्या कुटुंबांतला एखादा भाऊ लग्नानंतर बोरिवलीला ‘ओनरशिप’चा ब्लॉक घेई, दुसरा मुलुंडला. चाळीतली खोली आईवडिलांची. ती पुनर्विकासात गेली किंवा विकली गेली, की प्रश्न उभा राहतो: दोघे कुठे? बहुतेक घरे वन रूम किचन, फार तर वन बीएचके. बैठकीच्या खोलीत सोफा-कम-बेड, नातवाच्या अभ्यासाचे टेबल त्याच खोलीत, आणि रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही. दोन म्हाताऱ्या माणसांना अंथरूण घालायला जागा नसते; एकाला कशीबशी निघते. त्यात दोन्ही सुना नोकरीला जाणाऱ्या. एकीकडे नातवाला शाळेतून आणायला आजोबा हवेत, दुसरीकडे वर्षाच्या बाळाला सांभाळायला आजी हवी. वाटणी होते, आणि तिला वाटणी असे कुणी म्हणतही नाही. कुणाचा आवाज चढत नाही, कुणी उंबऱ्यावरून हाकलत नाही. म्हणूनच ही वाटणी ‘ऊन पाऊस’मधल्या वाटणीपेक्षा सोडवायला कठीण आहे.

आणि मग अंतराचा प्रश्न. नकाशावर बोरिवली आणि मुलुंड समोरासमोर आहेत, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. लोकलने जायचे तर पश्चिम रेल्वेने दादरपर्यंत खाली यायचे, पूल चढून मध्य रेल्वेच्या फलाटावर जायचे आणि पुन्हा उत्तरेकडे निघायचे. सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. रस्त्याने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आहे. त्यावर वाहतुकीत अडकून पडायचे. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा मुंबईच्या पूर्व-पश्चिम प्रवासाला पहिला सुखाचा मार्ग मिळाला. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या कामाचा विचार करताना वेळ, इंधन आणि गर्दी यांचे आकडे पुढे केले जातात. नवरा एका मार्गावर आणि बायको दुसऱ्या मार्गावर राहणारी जोडपी त्या आकड्यांत नसतात, पण तो रस्ता त्यांच्याही उपयोगाचा आहे.

मराठी चित्रपटाने या नव्या वाटणीकडे पाहिले ते संजय सूरकर यांच्या ‘तू तिथे मी’मधून (१९९८). निर्मिती स्मिता तळवलकरांची, भूमिका मोहन जोशी आणि सुहास जोशी यांच्या. निवृत्तीनंतर तरी एकमेकांसाठी वेळ मिळेल या आशेवर असलेले जोडपे मुलांच्या सोयीगैरसोयीत ओढले जाऊन वेगळे पडते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. या चित्रपटाचे वेगळेपण असे की त्याने नवरा-बायकोच्या ओढीला उतारवयातले प्रेम म्हणून समोर ठेवले. ‘ऊन पाऊस’च्या काळी असा उघड उच्चार शक्य नव्हता, तेव्हा ती ओढ काळजीच्या रूपाने व्यक्त होई. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकातल्या म्हाताऱ्या जोडप्याची गोष्ट याच्या उलटी. ते दोघे एकत्र असतात, घरही असते. मुले तेवढी दूर असतात.

या साऱ्या परंपरेत एक मोठा दोष आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. दोष सुनांच्या माथी मारण्याची सवय तिने कधी सोडली नाही. मुलगा बिचारा, सून कजाग, ही मांडणी मद्रासच्या स्टुडिओपासून अंधेरीच्या स्टुडिओपर्यंत सारखीच आहे. घराची लांबी-रुंदी, मुलाचा पगार, दवाखान्याचे बिल आणि नोकरी करणाऱ्या बाईचा चौदा तासांचा दिवस यांतले काहीच पडद्यावर येत नाही. मुलींचेही तसेच. लग्न करून दिली की ती कथेतून गळते. फार तर शेवटी रडायला येते. ‘नटसम्राट’मधली नलू हा अपवाद, पण तीही बापावर चोरीचा संशय घेण्यापुरती पुढे येते. प्रत्यक्षात उपनगरांतल्या किती तरी घरांत आईवडिलांची पथ्ये आणि दवाखान्याच्या फेऱ्या सांभाळते ती मुलगीच. या परंपरेतल्या गाजलेल्या चित्रपटांत तिला नायिकेची जागा मिळाली नाही.

या बाबतीत कायदा पडद्याच्या पुढे गेला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने आईवडिलांना निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. १९८७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी विवाहित मुलीवरही येते, असे स्पष्ट केले. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याने त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आणली आणि दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा निर्वाहभत्ता ठरवता येईल अशी तरतूद केली. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला दिलेले घर त्याने अट मोडली तर रद्दबातल ठरवता येते, हे त्याच कायद्याचे कलम २३. अप्पासाहेब बेलवलकरांना ते सदतीस वर्षे उशिरा मिळाले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येपैकी सुमारे १० टक्के लोक साठीच्या पुढचे होते, आणि हा आकडा तेव्हाच्या देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होता. या कायद्याने भत्ता मिळतो, घर परत मिळू शकते, कसूर करणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. आईवडिलांना एकाच घरात ठेवले पाहिजे, असे बंधन मात्र तो मुलांवर घालत नाही.